कपाटाचा डावा दरवाजा, गाडीचाही डावाच

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. कशाचा, ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण उत्तर लांबलचक आहे. आधी मी कपाटाचा दरवाजा होतो, मग गाडीचा झालो, आणि आता मी कशाचाच दरवाजा नाही. दरवाजाला जन्मात दोनच गोष्टी याव्या लागतात, उघडणं आणि मिटणं. माझ्याकडून सध्या दोन्ही होत नाहीत. तेव्हा वेळ भरपूर आहे. ऐका.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका शेडमध्ये झाला. त्या काळी पत्रा पत्र्यासारखा जाड असायचा. मृणालिनीबाईंच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात आमचं कपाट दिलं. चार हमालांनी आम्हाला मुलुंडच्या दुसऱ्या मजल्यावर चढवलं आणि चौघांनीही वर येऊन नवरदेवाकडे सारख्याच रागाने पाहिलं. नवरदेव म्हणजे श्यामकांत, विमा कंपनीत कारकून. पुढची कित्येक वर्षं मी मृणालिनीबाईंच्या साड्या, डांबरगोळ्या आणि त्यांची लेक गंधाली हिची प्रगतिपुस्तकं यांच्यावर पहारा दिला. बाई दर दिवाळीला मला ओल्या फडक्याने पुसायच्या. मला ओरखडा पडला तर त्यावर हळद दाबतील की काय, अशी मला भीती वाटायची, इतका जीव होता त्यांचा माझ्यावर.

मग श्यामकांत निवृत्त झाले.

निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात. श्यामकांतांना हसणं जमत नसे, म्हणून ते मोबाइलवर परदेशातल्या गाड्यांचे व्हिडिओ बघू लागले. तिकडे एक प्रकार असतो, हॉट रॉड नावाचा. एखादी आजोबांच्या वयाची गाडी घ्यायची, तिचं टप कापून बुटकं करायचं, पुढे दांडगं इंजिन घालायचं, बाकी सगळं घरी हाताने घडवायचं आणि शेवटी ती इतकी आवाज करते की शेजारी घर बदलतात. श्यामकांत गोवंडीला जाऊन अशी एक आजोबा गाडी घेऊन आले. गाडी म्हणजे नुसतं कातडं. आत काहीच नव्हतं. एक बेडूक होता, तोही प्रवासात उतरून गेला.

"बाबा, लोक निवृत्त झाले की अष्टविनायक करतात," गंधाली बंगळूरहून फोनवर म्हणाली.

"ते झालंय माझं," श्यामकांत म्हणाले.

काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुरू झालं. मदतीला रतन होता. खिडक्यांच्या ग्रिल आणि सेफ्टी डोअर बनवण्यात त्याचा हात बसलेला, तोंडही तसंच सुटलेलं. गाडीचा उजवा दरवाजा गंजलेला का होईना, होता. डावा नव्हताच.

"काका, दार नवीन घडवावं लागणार. पण हल्लीचा पत्रा म्हणजे पापड. भाजला की वाकडा. जुना जाड पत्रा बघा कुठे मिळतोय का."

श्यामकांत विचार करत घरात आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मित्रांनो, इतकी वर्षं ते टॉवेल घ्यायला माझ्याकडे येत, पण असं त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मला आधी बरंच वाटलं.

मृणालिनीबाई त्या दुपारी डोळे तपासायला गेल्या होत्या. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे परत आल्या तेव्हा त्यांना सगळं धूसर दिसत होतं. पुढचं मला नंतर त्या दोघांच्या भांडणातून कळलं.

"अहो, मला कपाटाचं एकच दार दिसतंय. डॉक्टरने जास्त घातलं वाटतं औषध."

"नाही, एकच आहे."

"आणि दुसरं?"

"खाली."

"खाली कुठे?"

"गाडीला."

बाई भिंतीला धरून खाली आल्या. मी दोन स्टुलांवर आडवा पडलो होतो, अंगभर खडूच्या रेघा. त्यांनी न दिसणाऱ्या डोळ्यांनी मला चाचपलं.

"माझ्या बाबांनी दिलं होतं हे."

"अगं, मग गाडीतही तुझ्याच बाजूला लावतोय ना! दार तुझं, शेजारची सीट तुझी. आपली गाडी आहे ही, मृणाल."

'आपली' हा शब्द त्या घरात आजवर फक्त आजारपणं आणि पाहुणे यांच्यासाठी वापरला जायचा. बाईंनी माझ्यावरचा हात काढून घेतला. रतनने तेवढ्यात ग्राइंडर सुरू केला.

कापणं सोसलं. त्रास झाला तो वाकण्याचा. कपाटाचा दरवाजा सपाट असतो, गाडीचा पोट सुटलेला. रतनने मला वाळूच्या पोत्यावर ठेवलं आणि लाकडी हातोडीने ठोकून ठोकून माझं पोट काढलं. आतून चौकोनी पाइपची चौकट घातली, माझ्या कडा तिच्यावर दुमडल्या आणि बिजागऱ्या लावल्या. पहिल्यांदा बसवलं तेव्हा वरच्या फटीतून बोट जात होतं आणि खाली कागद जात नव्हता.

"काका, बॉडी वाकडी आहे. दार सरळ आहे," रतन म्हणाला.

"मग आता?"

"दार वाकडं करू."

मी कपाटातून नुकताच बाहेर आलो होतो, जगाची मला माहिती नव्हती. तरी एवढं कळलं की इथे असंच चालत असणार.

आवाजाचं मात्र कुणालाच जमलं नाही. व्हिडिओतल्या गाड्यांचे दरवाजे 'धप' असे मिटायचे. मी मिटलो की 'ढण्ण' व्हायचं, कपाटासारखं. रतनने आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या, रबर लावलं. ढण्ण. वॉचमन तर प्रत्येक वेळी दचकून विचारायचा, "कोण साड्या काढतंय?"

हळूहळू घर खाली उतरू लागलं. खलबत्त्यातला बत्ता गिअरच्या दांड्यावर बसला. सागवानी पाटांचा डॅशबोर्ड झाला. गंधालीच्या लहानपणच्या पाळण्याची पितळी कडी माझी काच वर-खाली करण्याचं हँडल झाली. फोनवर हे कळल्यावर गंधाली म्हणाली, "आई, तू हलत राहा हं. एका जागी बसलीस तर तुलाही वेल्डिंग करतील."

शेवटी राहिली आतली सजावट. श्यामकांतांनी बाजारातून एक सीटकव्हरवाला आणला. त्याने माझ्या आतल्या अंगाला गोंद फासला, वर रेक्झिन थापलं आणि गेला. उन्हं चढली तसे त्या रेक्झिनला टपोरे फुगे आले. मृणालिनीबाई भाजी घेऊन येत होत्या. थांबल्या.

"हे काय? दरवाजाला कांजिण्या आल्यात."

"गोंद सुकला की बसतील म्हणाला तो."

"बसतील! रेक्झिन आहे का पोळी आहे, दाबली की बसायला? सरका जरा."

आणि मित्रांनो, इथून माझ्या आयुष्याचा चांगला भाग सुरू होतो. तो फार मोठा नाही, तेव्हा सावकाश ऐका.

बाईंनी ते रेक्झिन टराटरा उपटलं. माझ्यावर वर्तमानपत्र पसरून माझं माप घेतलं, अगदी ब्लाउजचं घेतात तसं. कुठे पोट, कुठे खोलगट, हँडलसाठी कुठे गळा. "पोट काढलंय ना याला, मग टक्स घ्यायला हवेत," त्या म्हणाल्या. "गोंदाने फुगे येणारच." शिलाई मशीन लिफ्टमधून पार्किंगमध्ये आलं. मरून रंगाचं रेक्झिन, मधोमध खणाच्या कापडाच्या उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत फोम भरून फुगवलेला, आणि कडेने उरेब कापडात दोरी घालून शिवलेली पायपिन. रेक्झिनवर सुया तडातडा तुटायच्या. जिथे मशीन हरलं तिथे बाईंनी दोऱ्याला मेण लावून हाताने टाके घातले. बोटांना चिकटपट्ट्या लावून त्या भाजी चिरायच्या आणि पुन्हा खाली यायच्या. माझं झाल्यावर सीटा, सीटांनंतर छत. छताला अस्तर लावताना त्या गाडीत उताण्या झोपून शिवत होत्या, पाय बाहेर. पोस्टमन घाबरून पळून गेला.

श्यामकांत शेजारी स्टुलावर बसून कात्री द्यायचे.

"अहो, पायपिन काळी की सोनेरी?"

"तुला काय वाटतं?"

हा प्रश्न मी कपाटात असताना एकदाही ऐकला नव्हता. साड्यांच्या पुढे उभं राहून दरवाजाला घरातलं सगळं ऐकू येतं, तरीही नाही.

"सोनेरी भडक होईल."

"मग काळी. तू म्हणशील ती."

ती दोघं तासन्‌तास पायपिनवर बोलायची. चष्म्यासाठी माझ्यात एक खिसा करावा का यावर त्यांच्यात गोड भांडण झालं आणि बाईंनी खिसा केला. दुपारी काम नसलं तरी त्या येऊन आपल्या सीटवर बसायच्या, मला ढण्णकन ओढून घ्यायच्या आणि समोरच्या पिलरकडे बघत राहायच्या. कुठेही न जाणाऱ्या गाडीत बसून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग गोरेगावच्या मैदानात हौशी लोकांच्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. आमच्या गाडीला रस्त्यावर धावायची परवानगी नव्हती, त्यामुळे ती टेम्पोवर चढवून न्यायची ठरली. श्यामकांत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मृणालिनीबाई म्हणाल्या, "मी माझ्या सीटवर बसणार." टेम्पोवाला नको म्हणत होता. त्या बसल्या. जांभळी साडी, केसांत गजरा. मुलुंडहून गोरेगावला जाणाऱ्या लिंक रोडवर टेम्पोवर गाडी, गाडीत बाई, शेजारी मी. एका सिग्नलला रिक्षातल्या एका आजींनी चक्क हात जोडले. बाईंनी काच खाली करून त्यांना आशीर्वाद दिला. त्यांचा नाइलाज होता.

मैदानात आमच्याभोवती गर्दी झाली. इंजिनाकडे लोक बघून न बघितल्यासारखं करायचे, कारण ते सुरू व्हायला नकार द्यायचं. पण मला उघडून आत डोकावलं की थांबायचे. पट्ट्यांवरून हात फिरवायचे. कॅमेरा घेतलेला एक मुलगा आला. आमच्या शेजारच्या गाडीचा मालक त्याला नुकताच सांगून चुकला होता की त्याचं लेदर इटलीहून आलंय. पलीकडच्याचं दुबईहून.

"काका, एक नंबर! हे इंटिरियर कोणी केलं?"

मृणालिनीबाई मागे उभ्या होत्या. हातात पोळीभाजीचा डबा. त्यांनी गजरा सारखा केला. मी पाहिलं.

श्यामकांतांनी इटलीवाल्याकडे पाहिलं, दुबईवाल्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

"भांडुपला एक टेलर आहे."

"काय सांगता! भांडुपला? नंबर द्या ना त्यांचा."

"तो फार मूडी माणूस आहे. कुणाचंही काम घेत नाही."

खोटं बोलायला वेळ लागत नाही हो, पण एकदा बोललं की त्याला जेवूखाऊ घालावं लागतं. तासाभरात त्या टेलरला स्वभाव आला, मग चष्मा आला, मग त्याने कुण्या बड्या माणसाचं काम तोंडावर नाकारल्याची गोष्ट आली. संध्याकाळी आमच्या गाडीला उत्कृष्ट अंतर्गत सजावटीचं बक्षीस मिळालं. श्यामकांतांनी स्टेजवर ट्रॉफी घेतली आणि माइकवर रतनचे आभार मानले, टेम्पोवाल्याचे मानले, भांडुपच्या टेलरचे मानले. मृणालिनीबाई खाली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. हातांना सवय असते.

परत येताना माझ्या शेजारची सीट रिकामी होती. त्या बसने गेल्या.

त्या पार्किंगमध्ये आल्या तेव्हा श्यामकांत गाडीवर कापड घालत होते.

"अगं, तसं नव्हे. तिथे बायकोने घरी शिवलंय म्हटलं असतं, तर लोक हसले असते."

"बरोबर आहे."

"म्हणजे तुला राग नाही ना आला?"

"मला कशाला येईल? आला तर टेलरला येईल."

दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन लिफ्टमधून वर गेलं. बाई पुन्हा कधी त्या सीटवर बसल्या नाहीत. भाजी घेऊन जाता-येता गाडीकडे बघायच्यासुद्धा नाहीत. बघत नसलेल्या माणसाच्या चालीवरूनही कळतं, मित्रांनो, की ते बघत नाहीये.

अशात एकदा श्यामकांतांनी पाहुण्यांना गाडी दाखवताना मला जोरात लावलं. सीटबेल्टचं लोखंडी टोक मध्ये अडकलं होतं. ते माझ्या आतल्या अंगात घुसलं आणि खणाच्या पट्ट्या फाडत खिशापर्यंत गेलं. फोम बाहेर लोंबू लागला. पुढचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या बाईंना श्यामकांतांनी अडवलं.

"मृणाल, जरा दोन टाके घाल ना याला."

"टेलरकडे द्या."

"चेष्टा पुरे आता."

"मी कुठे चेष्टा करतेय? बक्षीस मिळालंय त्याला. त्याच्या कामात मी हात घातलेला त्याला आवडायचं नाही. मूडी आहे ना."

श्यामकांतांनी वाट पाहिली. फोम आणखी लोंबला. बाईंचा निरोप तोच. 'चुकलं माझं' हे पाच अक्षरांचं काम होतं, पण त्या माणसाने त्याऐवजी पाना घेतला, माझ्या बिजागऱ्या खोलल्या आणि मला रिक्षात घालून भांडुपला नेलं. आपणच रचलेल्या टेलरला शोधायला माणूस स्वतः निघाला, हे मी माझ्या जाड पत्र्याच्या डोळ्यांनी पाहिलं.

"काका, नुसतं दार?" रिक्षावाला म्हणाला. "गाडी मागून चालत येतेय का?"

शाळेचे गणवेश शिवणारा म्हणाला, "हाफ पँट असेल तर सांगा." सोफ्याच्या दुकानात माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "हे ज्याने शिवलंय त्याच्याकडेच न्या, साहेब. आम्ही हात लावला तर ठिगळ दिसेल." पुढच्यानेही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यानेही. श्यामकांत मला काखोटीला मारून भर उन्हात भांडुपच्या गल्ल्यांतून फिरत होते, आणि प्रत्येक दुकान त्यांना मुलुंडला परत पाठवत होतं.

शेवटी ते 'मालन लेडीज टेलर'मध्ये शिरले. मालनताईंनी मला टेबलावर आडवं घेतलं, चष्मा वर केला आणि फाटक्या कडेतून आतले टाके बघितले.

"कुणी शिवलंय हो हे?"

मित्रांनो, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. इटलीवाला नव्हता, दुबईवाला नव्हता, कॅमेरा नव्हता. हसणारं कुणीही नव्हतं. श्यामकांतांचे ओठ 'मृ'साठी जुळलेसुद्धा, मी शपथेवर सांगतो.

"एक टेलर होता," ते म्हणाले. "वारला."

"अरेरे! नाव काय त्यांचं?"

"मधुकर."

"इथे भांडुपला? मी जन्म काढला इथे, मला कसे नाही माहीत?" मालनताई हळहळल्या. "काय हात होता बिचाऱ्याचा! जिवंत असताना कुणी विचारलं नसेल. बरं, मी प्रयत्न करते, पण दोरा हाच हवा. असला मेणाचा दोरा इकडे मिळत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारा, कुठून आणायचे."

श्यामकांतांनी घाम पुसला आणि घरी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात.

"अगं, तो दोरा तू कुठून आणला होतास?"

"कुठला दोरा?"

"दरवाजाचा. मेणाचा."

"ते मला काय माहीत? टेलरला विचारा."

श्यामकांतांनी मालनताईंकडे पाहिलं. त्या सहानुभूतीने मान हलवत होत्या.

"अगं... वारला तो."

फोनमध्ये मागे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"कधी?"

"आज. आत्ताच कळलं."

"बरं," मृणालिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता, मला पहिल्यांदा ठोकायच्या आधी मी होतो तसा. "मग बादली दाराबाहेर ठेवते. अंघोळ केल्याशिवाय घरात येऊ नका. आणि आज आपल्याकडे स्वयंपाक नाही. सुतक आहे."

फोन बंद झाला. मालनताई म्हणाल्या, "जवळचे होते वाटतं."

श्यामकांत थोडा वेळ बाकावर बसले. मग उठले आणि गेले. मला घ्यायला ते परत आले नाहीत. मालनताईंना तो दोरा काही मिळाला नाही. आता मी त्यांच्या दुकानात भिंतीला टेकून असतो, माझ्या पितळी कडीला फॉल लावायच्या साड्या टांगलेल्या असतात, आणि गिऱ्हाइकांना मालनताई माझ्यातले टाके दाखवून सांगतात, "बघा, मधुकर म्हणून होते कुणी. देवाघरी गेले." बायका चुकचुकतात.

माझ्यासारख्या वस्तूने शेवटी तुम्हाला सांगायचं असतं की मित्रांनो, वस्तू जपून वापरा, दरवाजे हळू लावा. लावा हळू. पण माझं फाटलेलं शिवता येत होतं. शिवणारी वरच्या मजल्यावर होती. तेव्हा उद्या कुणी तुमच्या घरातल्या एखाद्या गोष्टीला हात लावून विचारलं, की हे कुणी केलं, तर तिथल्या तिथे नाव सांगा. ते माणूस बहुतेक मागेच उभं असतं, डबा धरून.